घरचे नाटक आणि नाटकाचे घर

मुंबई-कोलकाता हमरस्त्याने साकोली मागे टाकली की कोहमारा लागते. येथून एक वाट गोंदियाकडे फुटते, दुसरी नवेगावबांधाकडे. धान कापून झाले, गावोगाव मंडई भरू लागली, की या वाटांवरून नाटकमंडळ्यांच्या गाड्या रात्री-बेरात्री धावू लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांची ही झाडीपट्टीची रंगभूमी. तिचे मुख्य ठाणे वडसा-देसाईगंज. खेळ रात्री सुरू होतो तो तांबडे फुटेपर्यंत चालतो.

या नाटकांवर शहरी रसिकांचे आक्षेप ठरलेले आहेत. संवाद भडक, रडारड फार, मध्येच कारण नसता लावणी. आक्षेप खोटे नाहीत. पण ते अर्धेच आहेत. येथे गावचे मंडळ नाटक ठरवते, तिकिटे विकते आणि कंपनीला ठरलेली रक्कम देते. गर्दी नाराज झाली, तर पुढच्या वर्षी बोलावणे नाही. लावणी घुसते ती या धास्तीपायी. लेखकाच्या अरसिकतेला एकट्याला दोष देऊन भागत नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. या रंगभूमीचे लाडके विषय घरगुती: सोशीक सून, भावासाठी झिजणारी बहीण, कर्जात बुडालेला बाप. नाटक त्यागाचे गोडवे गाते आणि प्रेक्षक पदराने डोळे टिपतात. पण कुटुंबाने चालवलेल्या मंडळीत हाच त्याग पडद्यामागे रोज राबत असतो. नवरा बोलणी करतो, बायको भूमिका करून पुन्हा स्वयंपाकाकडे पाहते, मुलगा पडदे बांधतो. घरचे माणूस पगार मागत नाही. म्हणून तर हंगाम निभावतो. जमाखर्चाच्या वहीत मात्र या श्रमाला रकाना नसतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशाकडे पाहावे. विठाबाई नारायणगावकर बाप आणि चुलता यांच्या फडात वाढल्या. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींकडून गौरवल्या गेल्या. भर खेळात प्रसूत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत आपण अभिमानाने सांगतो. फड त्या रात्री थांबू का शकला नाही, हे मात्र विचारीत नाही. 2002 साली त्या गेल्या, त्या हलाखीत. कन्या मंगला बनसोडे यांनी मुलाला बरोबर घेऊन स्वतःचा फड चालवला. वारसा टिकला, आणि त्याबरोबर तोच भारही पुढच्या पिढीवर आला.

झाडीपट्टीलाही धक्के थोडे बसले नाहीत. 2014 साली न्यायालयाच्या निकालाने शंकरपट थांबले आणि पटानिमित्त जमणारी गर्दी हिरावली गेली. 2021 च्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले. मधल्या 2020 साली साथीने रंगमंचच बंद पडले. 2023 साली नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, हा साऱ्या झाडीचा सन्मान. पण पदवीने हंगामाचे देणे फिटत नाही.

म्हणून या रंगभूमीकडे एक मागणे आहे. घरातल्या त्यागावर इतकी नाटके झाली. आता त्या त्यागाचा हिशेब मागणाऱ्या सुनेचे एखादे नाटक व्हावे. तिला उत्तर देताना सासऱ्याची जीभ अडखळावी. त्या रात्रीही प्रेक्षक रडेल, आणि पहाटे घरी जाताना आपल्या चुलीपाशी राबणाऱ्या माणसाकडे जरा निराळ्या नजरेने पाहील. एवढे साधले, तर मधल्या लावणीबद्दल कोणी तक्रार करू नये.