परीक्षा उतरताना: खालच्या गाडीची एक समीक्षा

आज समीक्षेला आम्ही पुस्तक घेतलेलं नाही, नाटकही घेतलेलं नाही. आज घेतली आहे एक गाडी. दोन दारांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी दिसणारी, जिला आपण सरसकट ‘स्पोर्ट्स कार’ म्हणतो. आणि प्रश्न असा आहे की ज्याची कंबर धरते, ज्याची मान आखडते, अशा माणसाचं या गाडीशी नातं काय? विषय हलका वाटेल. पण समोर बसलेल्यांत पंचावन्नच्या पुढचे बरेच जण दिसताहेत, दोघा-तिघांच्या गळ्यात मानेचा पट्टाही दिसतोय. तेव्हा तो तितका हलका नाही.

आधी हे ठरवू की गाडीची समीक्षा करायची कोणी. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात एक साधी गोष्ट सांगून ठेवली आहे. घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणारा चांगलं सांगतो. सुकाणू कसं आहे हे सुतारापेक्षा नाव हाकणारा चांगलं सांगतो. आणि जेवण कसं झालं हे आचाऱ्याने नाही, जेवणाऱ्याने सांगायचं. हाच न्याय इथे लावला तर या गाडीचा खरा समीक्षक म्हणजे तिच्यात बसणाऱ्याचा कणा. आता आपण वाचतो-बघतो ती गाड्यांची परीक्षणं आठवा. शून्यापासून शंभरपर्यंत जायला किती सेकंद लागले हे त्यांत पहिल्याच ओळीत येतं. गाडीतून उतरायला किती सेकंद लागले, हे कुठे येतं का? नाही येत. आमचं सगळं म्हणणं त्या गाळलेल्या ओळीबद्दल आहे.

आपल्या शहराला गाड्यांचं वेड नवं नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि चाकांवर इथली कितीतरी घरं उभी राहिली. पुढे शेंद्र्याला स्कोडा आली, तिथेच ऑडीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींचा सौदा, आणि देशभर बातमी झाली. त्या सौद्यात गाडीइतकीच शहराची पतही पणाला लागलेली होती. नंतर समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, पुढे मुंबईच्या अंगाला जोडून तो ७०१ किलोमीटरचा झाला. सावंगीला चढलं की कारला ताशी १२० पर्यंत मुभा आहे. असा रस्ता दाराशी आला म्हणजे खालच्या गाडीचं स्वप्न अगदीच वेडेपणाचं वाटत नाही. अडचण एवढीच की समृद्धीवर पोचायला आधी आपल्या कॉलनीतून बाहेर पडावं लागतं.

आणि कॉलनीत काय असतं, तर स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे चढ-उतार सावकाश होतो. आपल्या गल्लीतला असतो हातभर रुंद आणि उंची गवंड्याच्या मर्जीवर. खालच्या गाडीचं पोट जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर. मग चालक काय करतो? गाडी तिरपी घालतो. एक चाक चढतं, दुसरं नंतर चढतं, आणि आत बसलेल्याची कंबर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला पिळली जाते. सस्पेन्शन कडक असतं, त्यामुळे रस्त्याने दिलेला धक्का गाडी स्वतःकडे फारसा ठेवून घेत नाही, पुढे पाठवते.

पण समीक्षकाने आधी रचनेची बाजू ऐकून घ्यायला हवी. गाडी खाली असते ती नुसत्या तोऱ्यासाठी नाही. वजनाचा मध्य जितका खाली तितकी वळणावर ती कमी कलंडते, हवाही कमी अडवते. फोर्डची जीटी-४० ही शर्यतीची गाडी, तिच्या नावातले ‘४०’ म्हणजे तिची उंची, ४० इंच. आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा फार तर दहा इंच जास्त. आणि खाली बसण्यात एक खरा आनंदही आहे. मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने दाखवून दिलंय की सरावलेल्या चालकाला गाडीची रुंदी मोजावी लागत नाही, ती त्याच्या शरीराचाच भाग होऊन गेलेली असते. खालच्या गाडीत हे जास्त जाणवतं. रस्ता हाताला लागेल इतका जवळ येतो, ऐंशीचा वेग सव्वाशेसारखा वाटतो. ज्याला हा आनंद हवासा वाटतो त्याला हसण्याचं कारण नाही.

आता शरीराची बाजू. स्वीडनचे अल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या कमरेच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना तो १०० धरला तर आधाराशिवाय बसल्यावर सुमारे १४०, आणि बसून पुढे वाकल्यावर सुमारे १८५. नंतरच्या मोजमापांत आकडे बदलले, पण एक गोष्ट टिकली: पाठ थोडी मागे रेललेली असेल आणि कमरेच्या खोलगट भागाला आधार असेल तर दाब उतरतो. म्हणजे गंमत बघा, स्पोर्ट्स कारची मागे रेललेली, दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी सीट कमरेला वाईट असतेच असं नाही. पाठ दुखणारे कित्येक जण सांगतात की एकदा बसलो की बरं वाटतं.

मग दुखतं कुठे? एक, मानेत. धड मागे रेललं तरी डोळ्यांना रस्ता समोरच हवा, म्हणून मान पुढे काढावी लागते. सिग्नलला पहिल्या नंबरवर उभे राहिलात की दिवा बघायला तीच मान वर करावी लागते. रिव्हर्स घेताना मागची काच लहान, खांब जाड, म्हणून ती पूर्ण वळवावी लागते. आमच्या मानेचा पाचवा-सहावा मणका झिजलेला आहे, तेव्हा हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आणि दोन, उतरताना. सीट घोट्यांच्या जवळपास, गुडघे कमरेपेक्षा वर, मध्ये दाराचा रुंद उंबरा, वर छत. एक पाय बाहेर, डोकं खाली, धड वळलेलं, आणि त्याच अवस्थेत सगळा भार उचलायचा. वाकणं, पिळणं आणि भार हे तिन्ही एकदम आले की मणक्याच्या गादीला ते सर्वांत जड जातं.

इथे कोणीतरी विचारील, ‘सर, आपण तर जमिनीवर बसणारी माणसं. पंगतीला पाटावर, भजनाला सतरंजीवर. मग या गाडीने का घाबरावं?’ प्रश्न रास्त आहे. पण जमिनीवरून उठताना आपल्याला मोकळी जागा असते. पाय अंगाखाली घेतो, हात टेकतो, भार पुढे आणतो, शेजारचा हात देतो. या गाडीत पाय शरीराच्या पुढे लांब पडलेले असतात आणि हात टेकायला धड जागा नसते. जमीन आपल्याला उठू देते. ही गाडी बसवून घेते, उठण्याचं मात्र आपल्यावर सोडते.

आपल्या बावन्न दरवाज्यांच्या शहराला वाकून आत जाणं ठाऊक आहे. मोठ्या दरवाज्यातला छोटा दिंडी दरवाजा असतो, त्यातून जाताना मान लववावीच लागते. पण ते लवणं कोणाच्या तरी घरात शिरण्यासाठी होतं, त्याला आदराचा अर्थ होता. गाडी आपणच विकत घेतलेली. तिच्यापुढे रोज वाकायचं ते कोणाच्या आदरासाठी? रस्त्यावरून बघणाऱ्याच्या. तिचा बाक, तिची चमक आत बसलेल्याला दिसतच नाही. रूप बाहेरच्याने भोगायचं आणि त्याची किंमत आतल्याच्या कंबरेने द्यायची, असा हा व्यवहार आहे.

याबद्दल आपण बोलत का नाही? आपल्याकडची सर्वांत गाजलेली स्पोर्ट्स कार आठवा. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये २९ व्या कसोटी शतकाने ब्रॅडमनशी बरोबरी केली, त्याबद्दल त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. उंची सुमारे १२१ सेंटिमीटर. त्यावर देशाने काय चर्चा केली? आयात शुल्क माफ करावं की नाही. वाद कोर्टापर्यंत गेला, शेवटी शुल्क कंपनीने भरलं. २०११ मध्ये गाडी सुरतच्या एका उद्योजकाने घेतली, २०१२ मध्ये ‘फेरारी की सवारी’ हा सिनेमा आला. आणि हाच खेळाडू जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध पाठ धरलेली असताना १३६ धावा काढून बाद झाला होता, भारत १२ धावांनी हरला होता. त्याची पाठ आणि ती गाडी यांचा संबंध आम्ही जोडत नाही. आमचं म्हणणं आपल्याबद्दल आहे. त्याची पाठ हा राष्ट्रीय काळजीचा विषय होता, त्याची गाडी हा राष्ट्रीय वादाचा विषय होता, पण गाडीत एक पाठ बसते हे कोणाच्या मनातही आलं नाही. गाडी म्हटली की आपण किंमत बोलतो, कर बोलतो, मान बोलतो. मान म्हणजे प्रतिष्ठा. दुसरी मान विसरतो.

यावर ‘रचनाच तशी, काय करणार’ असं म्हणून सुटता येत नाही. १९६७ च्या ल मां शर्यतीत फोर्डच्या गाडीत डॅन गर्नी हा उंच चालक होता, सव्वासहा फुटांच्या आसपास. हेल्मेट छताला लागत होतं. त्याला मान वाकवून बसायला सांगितलं नाही. त्याच्या डोक्यावरच्या जागी छताला फुगवटा काढला, आणि तीच गाडी शर्यत जिंकली. १९५५ ची सित्रोएन डीएस बघा. रोलाँ बार्थने तिच्यावर लिहिताना गाड्यांची तुलना मध्ययुगीन गॉथिक कॅथेड्रलांशी केली होती. ती उभी असताना खाली बसायची आणि इंजिन सुरू झालं की स्वतः वर उठायची. आज काही महागड्या स्पोर्ट्स कारचं नाक बटण दाबल्यावर वर येतं, स्पीडब्रेकरला पोट घासू नये म्हणून. म्हणजे यंत्राला उठता येतं. गाडीचं पोट वाचवायला ते उठतं, माणसाची कंबर वाचवायला अजून फारसं उठत नाही.

आमचे एक जुने विद्यार्थी आहेत, साठीला टेकलेले, छोटा उद्योग आहे. पंचविसाव्या वर्षी ते स्कूटरवर कॉलेजला यायचे आणि वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढायचे. आता त्यांनी तशी गाडी घेतली. कमरेची गादी सरकलेली आहे. घरचे, शेजारचे एकच विचारतात, ‘अहो, या वयात?’ आम्हांला हा प्रश्न क्रूर वाटतो. इच्छेला वयाची मर्यादा कोणी घातली? तरुणपणी पैसे नव्हते, आता कंबर नाही, आणि मधल्या तीस वर्षांत माणूस मुलांच्या फिया भरत होता. शोभतं का, हे विचारू नका. उठता येतं का, हे विचारा. त्या प्रश्नाला तरी उत्तर शोधता येतं.

ते आता असं करतात. गाडी भिंतीला चिकटून लावत नाहीत, दार पूर्ण उघडेल अशीच लावतात. उतरण्याआधी सीट पूर्ण मागे घेतात, पाठ सरळ करतात. मग दोन्ही पाय एकत्र बाहेर, अंग एकसंध वळवून. सीटवर एक गुळगुळीत कापड असतं, त्यावरून सरकता येतं. दोन्ही पावलं जमिनीवर टेकली, डोकं छताबाहेर आलं, की मगच हाताच्या आधाराने उठतात. बसताना हेच उलटं: आधी बैठक, मग दोन्ही पाय एकत्र आत. आरसे मोठे बसवलेत, मागे कॅमेरा आहे. दर तासाला थांबून चार पावलं चालतात. आणि हातापायाला मुंग्या येत असतील, जोर कमी झाला असेल, तर गाडीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर. त्यावर चर्चा नाही.

तेव्हा समीक्षकाचा निकाल सांगतो. रूप म्हणून ही गाडी उत्तम, वळणावर प्रामाणिक, पाहुणचारात उणी. विकत घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये तिच्याभोवती फिरू नका, टेस्ट ड्राइव्हच्या वेगावरही भाळू नका. बसा, अर्धा तास बसून राहा, आणि मग कोणाचा हात न धरता पाच वेळा उतरा. विक्रेता बघत असला तर बघू द्या. पाचव्या वेळीही तुम्हांला ती हवी असेल, तर खुशाल घ्या.

आता प्रश्न घेऊ. मागच्यांनी उठून विचारायची गरज नाही, बसूनच विचारा.