‘डॉन चिपोते’तील हास्य आणि निवेदकाची भाषा

स्थलांतरित शेतमजुराच्या हालअपेष्टांवर विनोदी कादंबरी लिहिता येईल काय, हा प्रश्न वरवर पाहता अभिरुचीचा वाटतो. मूलतः तो भाषेचा आहे. निवेदक कोणत्या भाषेत उभा राहून हसतो, यावर त्या हास्याची जात ठरते. दान्येल व्हेनेगास याच्या ‘डॉन चिपोते’ या स्पॅनिश कादंबरीच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. ती १९२८ मध्ये लॉस एंजेलिस येथे प्रसिद्ध झाली, पुढे विस्मृतीत गेली, आणि निकोलास कानेयोस यांच्या संशोधनामुळे १९८४ मध्ये मेक्सिकोत पुन्हा छापली गेली.

‘चिपोते’ म्हणजे डोक्यावरचे टेंगूळ. अमेरिकेत सोने रस्त्यावर पडलेले असते, ही परतलेल्या शेजाऱ्याची थाप खरी मानून हा दरिद्री मेक्सिकन शेतकरी बायकामुलांना मागे ठेवून उत्तरेची वाट धरतो. सरहद्दीवर त्याला सक्तीचे स्नान घडते. पुढे तो रेल्वेमार्गावरील टोळीत भरती होतो. (त्या काळी मेक्सिकन मजूर रुळांवरून शेतांत व शेतांतून पुन्हा रुळांवर असेच फिरत.) मग पायाला जखम, लॉस एंजेलिस, एका तरुणीचा नाद, आणि शेवटी शोधीत आलेली बायको. डॉन क्विक्झोटचे विडंबन उघडच आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

लक्ष द्यावयाचे ते ‘त्राके’ या शब्दाकडे. इंग्रजी ‘ट्रॅक’चा हा मजुरांच्या मुखातील अवतार. शब्दान्तीचा ‘क्’ स्पॅनिश भाषेस मानवत नाही, म्हणून त्यास स्वराचा आधार दिला जातो. ‘लंच’चे ‘लोंचे’ होते तेही याच न्यायाने. ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ करणाऱ्या आपल्याकडील हमालाने निराळे काय केले? त्याने स्वर आरंभी जोडला, एवढेच. परंतु ध्वनिनियम हा काही कादंबरीचा गुण नव्हे. गुण आहे तो हा की, असे शब्द पात्रांच्या तोंडी घालून व्हेनेगासचा निवेदक स्वतः शुद्ध बोलत राहत नाही. तो त्याच बोलीत कथा सांगतो व स्वतःस त्याच ‘चिकानो’ मजुरांत गणतो. आपल्या ग्रामीण विनोदी कथेत पुष्कळदा निवेदन प्रमाणभाषेत, संवाद बोलीत, आणि विनोद या दोहोंतील अंतरावर पोसलेला, असा प्रकार आढळतो. तेथे वाचक निवेदकाशेजारी ओट्यावर बसून अंगणातील माणसास हसतो. येथे ओटाच नाही.

निदान बराच वेळ नाही. केस कापलेली, नव्या चालीची मेक्सिकन तरुणी कथेत येताच निवेदक उंच जागा शोधू लागतो. तीही स्थलांतरितच, तीही कष्ट करूनच पोट भरते. तरी तिच्या वाट्यास सख्याचे हास्य येत नाही, उपहास येतो. बायकोही तमाशातल्या कजाग बाईच्या साच्यातून काढल्यासारखी. ‘मायदेशी परत जा’ हा कादंबरीचा उपदेश काहींना खटकतो. आम्हांस तो तितका खटकत नाही, कारण त्यामागे मजुरीचा रोकडा हिशेब आहे. स्त्रियांच्या चित्रणामागे असा कोणताही हिशेब नाही, आणि कादंबरीचा खरा दोष तो हाच.

मराठी अनुवादकापुढे या दोषामुळे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. पोपटाची पिले दूध पितील तेव्हाच मेक्सिकन मजूर अमेरिकेत श्रीमंत होईल, हे उपशीर्षकातील वचन ‘सूर्य पश्चिमेस उगवेल’ असे म्हणून भागवता येईल. बोलीचे तसे नाही. वऱ्हाडी किंवा माणदेशी योजिली तर ती गावाची बोली ठरेल, आणि ‘त्राके’ची भाषा कोणत्याच गावाची नव्हे. तिला जवळची म्हणजे बीडकडून पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड कामगारांची, उचल व मुकादम या शब्दांभोवती वाढलेली भाषा. परंतु त्या भाषेत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती या जोडीवर. अशा शब्दसंग्रहात बायकोला शेवटच्या प्रकरणापर्यंत गावी ठेवणे अनुवादकास जमणार नाही. तिला पहिल्याच पानावर बैलगाडीत बसवावे लागेल, आणि मग नवऱ्यास हसण्याचा पहिला अधिकारही तिचाच राहील.