संग्रहालयातील क्रियापद

गणपतीपुळे येथील ‘प्राचीन कोकण’ हे खुले संग्रहालय सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे कोकणी ग्रामजीवन पूर्णाकृती पुतळ्यांच्या द्वारे उभे करते, आणि मार्गदर्शकाचे निवेदन त्या मूक आकृतींना वाचा देते. मांडणी रम्य आहे यात शंका नाही. तथापि पुतळा व्यवसाय दाखवू शकतो, त्यामागील संबंध दाखवू शकत नाही. नांगराशी उभा केलेला कोणताही पुरुष स्वतःच्या जमिनीत उभा आहे की खोताच्या, हे त्याच्या हातांवरून उमगत नाही. त्यासाठी ‘कूळ’, ‘अर्धेल’, ‘वेठ’, ‘कबुलायत’ हे शब्दच लागतात.

रत्नागिरीप्रमाणेच कुलाबा जिल्ह्यातही (आजचा रायगड) खोती होती. तिच्याविरुद्ध १९३३ साली अलिबागजवळील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. तो १९३९ पर्यंत टिकला. पाचशे वर्षांपूर्वीच्या देखाव्यात त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु त्याचेच संग्रहालय उभारावयाचे झाल्यास काचेच्या पेटीत ठेवावयाचे काय? पोलंडमधील पोझ्नान येथे २७ डिसेंबर १९१८ रोजी सुरू झालेल्या प्रादेशिक उठावाचे संग्रहालय जुन्या चौकातील पहारेघरात मांडले गेले. तो उठाव सशस्त्र असल्याने शस्त्रे आणि गणवेश मांडणे तेथे शक्य होते. (उठावासाठी पोलिश भाषेत असलेला ‘पोफ्स्तान्ये’ हा शब्दही मराठीप्रमाणेच ‘उठणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून साधलेला आहे, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) चरीच्या कुळांचे शस्त्र म्हणजे न नांगरलेले शेत.

अशा ठिकाणी सारा भार फलकावरील वाक्यावर पडतो. ‘जमिनी पड राहिल्या’ असे लिहिल्यास व्याकरणदृष्ट्या जमिनीच कर्ता ठरतात. दुष्काळ, रोगराई, आळस, कोणतेही कारण संभवते. ‘कुळांनी जमिनी पड ठेवल्या’ असे म्हणताच तृतीयान्त कर्ता प्रकट होतो, आणि त्याबरोबर हा निर्णय होता, अपघात नव्हे, हेही. शब्दसंख्येत फरक एकाच शब्दाचा. फलक लिहिणारा तो शब्द जागेअभावी गाळतो, अशी सबब येथे मान्य होण्यासारखी नाही.

डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तसा कायदा मात्र १९४९ साली झाला. पाठ्यपुस्तकी वळणाचे ‘खोती संपली’ हे वाक्यही ‘पड राहिल्या’च्याच जातीचे आहे.