तारेच्या आतला माणूस

नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून मी रिद्धपूरच्या आमच्या संत्र्याच्या बागेला तारेचं कुंपण केलं, वर झटका मशीन बसवलं. रोही आणि डुकरांसाठी. पुढच्या उन्हाळ्यात दरवर्षी मेंढ्या घेऊन येणारे काठेवाडी दिसले नाहीत. विचारलं तर बाबा म्हणाले, "कुठून येतीन? सगळीकडे तार झाली."

त्याच सुट्टीत मोबाईलवर जॉन फोर्डचा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) पाहिला. मोकळ्या माळरानाचा जमाना संपण्याची गोष्ट. कायदा शिकलेला स्टॉडर्ड गावात येतो, गुंड व्हॅलन्सला मारल्याच्या कीर्तीवर आधी गव्हर्नर आणि पुढे सिनेटर होतो. खरी गोळी अंधारातून टॉम डोनिफननं झाडलेली असते. डोनिफन विस्मृतीत मरतो. त्याच्या अंत्यविधीला स्टॉडर्ड रेल्वेनं येतो आणि परतताना गाडीतही त्याच खोट्या कीर्तीचं कौतुक त्याला ऐकावं लागतं. तेव्हाचा त्याचा चेहरा म्हणजे सगळा सिनेमा.

आपल्याकडे या गोष्टीच्या सगळ्यात जवळ जातो भाऊराव कऱ्हाडेंचा 'ख्वाडा' (२०१५). पण इथे दिशा उलटी आहे. वेस्टर्नचा नायक कुंपणात मावत नाही. 'ख्वाडा'तल्या धनगरांना कुठेतरी टेकायचंय. रघू कऱ्हेची जमीन वनखात्याकडे अडकलेली, कोर्टाच्या तारखा चालू. पोरगा बाळूला लग्न करून स्थिर व्हायचंय. फोर्डच्या गावात कायदा उशिरा का होईना, पोचतो. इथे तो आधीच आलेला आहे, फक्त मेंढ्यांमागे चालणाऱ्यांच्या बाजूनं नाही. शशांक शेंडेंनी रघूचा चिवट हट्ट असा उभा केलाय की कोर्टाचं ओझं जाणवत राहतं.

तरी माझी एक तक्रार आहे. 'ख्वाडा'तला सरपंच इतका उघड दुष्ट आहे की प्रेक्षक निर्धास्त होतो: वाईट तो, आपण नाही. स्टॉडर्डसारखा माणूस तिथे नाही. सभ्य, शिकलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा, आणि तरीही दुसऱ्याच्या जाण्यावर ज्याचं बरं चाललंय असा. रस्ते सरपंचाच्या दांडगाईनं बंद होतात, तसेच बोनसमधून घेतलेल्या तारेनंही होतात.

तारेचं बिल माझ्या ईमेलमध्ये अजून आहे. कुंपण मी काढणार नाही. रोही खरंच बाग खातात. पण आता वेस्टर्न बघताना मी घोड्यावरच्या माणसात स्वतःला शोधत नाही. मी त्या रेल्वेच्या डब्यात बसलेला असतो.