‘तारे जमीं पर’ : बक्षिसाविना आदर

मागच्या वेळी एका आईने आपल्याला एक प्रश्न विचारला होता. ‘तारे जमीं पर’ पाहून त्या घरी गेल्या आणि रात्रभर त्यांच्या मनात एकच गोष्ट राहिली : माझ्या मुलालाही वाचता येत नाही; पण त्याला चित्रंही काढता येत नाहीत. मग त्याचं काय? आजचं सगळं बोलणं या प्रश्नाभोवतीच आहे.

२००७ सालच्या या चित्रपटाने मोठं काम केलं, हे आधी मान्य करू. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याने घराघरांत नेला. निकुंभ सर ईशानच्या वडिलांपुढे परक्या लिपीतला मजकूर धरतात आणि म्हणतात, वाचा. वडील चिडतात. ‘प्रयत्नच करत नाही’ हा आरोप किती पोकळ आहे, हे त्या एका प्रसंगात कळतं. तिथे भाषण लागत नाही.

पण पुढे काय होतं? ईशानला वाळूत, मातीत अक्षरं गिरवत शिकवलं जातं, तो वाचू लागतो आणि शेवटी चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. शाळा टाळ्या वाजवते. म्हणजे ज्या शर्यतीने त्याला चिरडलं, तिच्याच दुसऱ्या ट्रॅकवर तो जिंकतो. आइन्स्टाइनचं नाव घेऊन मुलांना समजावण्यातही हाच धोका आहे. वेगळा आहे, पण हुशार आहे ना, मग चालेल! या ‘पण’मध्येच अट लपलेली असते. आदर असा अटीवर मिळत असेल, तर तो आदर नव्हे, सवलत झाली.

आम्हाला वाटतं, या चित्रपटातला सर्वसमावेशक शिक्षणाचा खरा धडा निकुंभ सर येण्याआधीच होऊन गेलेला असतो. हिंदीच्या तासाला ईशान कवितेचा अर्थ आपल्या शब्दांत सांगतो. शिक्षक त्याला झिडकारतात आणि पाठ केलेल्या उत्तराला शाबासकी देतात. नंतर शेजारी बसणारा राजन त्याला सांगतो की तुझाच अर्थ बरोबर होता. राजन स्वतः कुबड्या घेऊन चालतो, वर्गात हुशार आहे. त्याने ईशानची कीव केली नाही, त्याच्यात लपलेला कलावंतही शोधला नाही. त्याने फक्त त्याचं म्हणणं नीट ऐकलं. एवढंच. मुलांना हेच शिकवायचं असतं.

आणि मोठ्यांनी काय करायचं? निकुंभ सर मुख्याध्यापकांकडे ईशानची परीक्षा तोंडी घेण्याची परवानगी मागतात. तो प्रसंग चटकन संपतो, खरं तर तोच सर्वांत महत्त्वाचा. कारण ती मागणी एका चांगल्या माणसाच्या मर्जीवर राहता कामा नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत अध्ययन अक्षमतेचा समावेश केला, तो म्हणूनच मोलाचा. हक्काला बक्षीस लागत नाही.

तेव्हा त्या आईंना आपलं उत्तर असं : तुमच्या मुलाला चित्र काढता यायलाच हवं असं नाही. त्याला बाकावर जागा हवी, पेपरला वेळ हवा आणि त्याचं ऐकणारा शेजारी हवा. पहिल्या दोन गोष्टी शाळेने द्यायच्या. तिसरी आपापल्या घरी, आपल्या मुलांना आपण शिकवायची.