पडद्याने बांधलेले सूर : चित्रपटातल्या अभिजात रचनांविषयी



आजच्या विषयाची सुरुवात एका नावापासून करू. मोझार्टने १७८५ साली पियानो आणि वाद्यवृंदासाठी एक कंचेर्टो लिहिला, क्रमांक २१. पुढे १९६७ साली बो विडरबर्ग या स्वीडिश दिग्दर्शकाने 'एल्विरा मादिगन' हा चित्रपट केला आणि या कंचेर्टोचा मधला, संथ भाग त्यात वापरला. एल्विरा ही तारेवर नाचणारी सर्कशीतली कलावंत. तिचा जन्म मोझार्ट गेल्यानंतर पाऊण शतकाने झाला. पण चित्रपट गाजला, आणि रेकॉर्डच्या वेष्टनांवर कंचेर्टोच्या क्रमांकाशेजारी 'एल्विरा मादिगन' हे नाव छापलं जाऊ लागलं. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ ज्या रचनेला क्रमांक पुरला होता, तिचं एका चित्रपटाने बारसं केलं.

आता आपल्याकडे बघू. मोझार्टची २५ वी सिंफनी आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा ऐकली ती टायटन घड्याळाच्या जाहिरातीत. ४० व्या सिंफनीच्या सुरुवातीची चाल आपल्या कानांवर आली ती 'छाया' (१९६१) या हिंदी चित्रपटातल्या तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या युगुलगीतातून. सलील चौधरींनी ती इतकी आपलीशी केली, की मूळ सिंफनी नंतर ऐकणाऱ्याला मोझार्टनेच सलीलदांकडून चाल उचलली असं क्षणभर वाटावं! म्हणजे या संगीताच्या घरात आपण बहुतेक जण शिरलो ते चित्रपटाच्या आणि जाहिरातीच्या दारातून. त्यात कमीपणा काही नाही. प्रश्न इतकाच, की आपण आत जातो की दारातच थांबतो? आणि आपण आत जावं की दारात थांबावं, हे चित्रपट किती ठरवतो?

इथे एक फरक लक्षात घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या रागसंगीतात भैरवीवर शेकडो चित्रपटगीतं झाली. तरी मैफिलीच्या शेवटी गायक भैरवी सुरू करतो तेव्हा एखादं गाणं भैरवीवर मालकी सांगत नाही. ते गाणं आठवेल, पण गायक दोन मिनिटांत आपल्याला दुसरीकडे घेऊन जातो. कारण राग म्हणजे ठरलेली रचना नव्हे. प्रत्येक वेळी तो नव्याने मांडला जातो. पाश्चात्त्य रचना कागदावर लिहिलेली असते. संचालक बदलला की लय, वजन, रंग बदलतात. पण सूर तेच आणि त्याच क्रमाने. त्या ठरलेल्या सुरांना एकदा ठरलेलं चित्र चिकटलं, की ते सोडवणं अवघड. म्हणून चित्रपटातल्या वापराची किंमत इथे जास्त आहे, आणि ती बहुतेक वेळा रचनेला मोजावी लागते.

सर्वांत मोठं उदाहरण घेऊ. स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१ : अ स्पेस ओडिसी', १९६८. या चित्रपटासाठी ॲलेक्स नॉर्थ या नामवंत संगीतकाराला बोलावलं होतं. त्याने संगीत लिहिलं, ध्वनिमुद्रितही केलं. पण कुब्रिकने संकलन करताना कामापुरत्या लावलेल्या जुन्या रचनाच शेवटी ठेवल्या. आपलं संगीत वगळलं गेलंय हे नॉर्थला चित्रपट पडद्यावर पाहताना कळलं. कुब्रिकने पुढे दिलेलं कारण साधं होतं : चित्रपटाचे संगीतकार कितीही चांगले असले तरी ते बेथोवन किंवा मोझार्ट नव्हेत, मग थोरांचं संगीत हाताशी असताना त्याहून कमी का घ्यावं? कारण तगडं आहे. पण थोर संगीत घेतलं तर त्याचं पुढे काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही.

या चित्रपटाची सुरुवात रिचर्ड स्ट्राउसच्या 'आल्सो श्प्राख झाराथुस्त्रा' (१८९६) या रचनेने होते. आधी खालचा खर्ज. मग तुताऱ्यांचे तीन सूर : सा, प, वरचा सा. आणि लगेच सगळा वाद्यवृंद शुद्ध गंधारावर उभा राहतो आणि पुढच्याच क्षणी कोमल गंधारावर कोसळतो. उजेड झाला म्हणेपर्यंत सावली. दुसऱ्या वेळी उलट, आधी कोमल, मग शुद्ध. तिसऱ्या वेळी वर चढत जाऊन तो झगझगीत शेवट. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत. वानराच्या हातातलं हाड शस्त्र होतं तेव्हा तेच सूर. शेवटी ताऱ्यांमधलं ते बालक आपल्याकडे पाहतं तेव्हाही तेच. पडद्यावर हे इतकं फिट्ट बसलंय की त्याचा परिणाम नाकारणं म्हणजे कान बंद करणं.

पण मूळ रचना अर्ध्या तासाहून मोठी आहे, आणि चित्रपटात येतात ती तिची पहिली दोनेक मिनिटं. उरलेल्या भागाचं काय? तो शेवटी कुठे पोचतो, हे ऐकण्यासारखं आहे. निसर्गाचा षड्ज एक आणि माणसाचा षड्ज दुसरा, असा झगडा स्ट्राउसने तिथे मांडलाय. अगदी शेवटी वर बासऱ्या आणि व्हायोलिनं निषादालाच षड्ज मानून शांतपणे थांबलेली असतात, आणि खाली तंतुवाद्यं सुरुवातीचा तो पहिला षड्ज हळूच छेडत राहतात. दोघांपैकी कोणीही माघार घेत नाही. रचना संपते, भांडण मिटत नाही. विश्वात माणसाची जागा कोणती, हाच कुब्रिकचाही प्रश्न होता. पण त्याने स्ट्राउसचा उदय घेतला आणि शंका सोडून दिली. आज तर ही दोन मिनिटं कुठल्याही भव्य गोष्टीच्या उद्घाटनाला वाजतात. एका प्रश्नाची घोषणा होऊन बसली.

आता याच चित्रपटाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण अन्याय करू. अवकाशयान फिरत्या स्थानकाला जोडलं जातं तिथे योहान स्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब' वाजतो. (दोन स्ट्राउसांचं आपसांत नातं नाही बरं का.) व्हिएन्नाच्या नाचघरातला १८६७ चा वॉल्ट्झ आणि अवकाशातलं जड यंत्र, यांचा संबंध काय? कुब्रिकच्या आधी काहीच नव्हता. पण गिरकी घेणं, तोल सांभाळणं, एकमेकांच्या लयीत येणं हे वॉल्ट्झमध्ये आधीपासून होतंच. चित्राने ते आपल्याला दाखवलं, आणि वॉल्ट्झचं आपलं काही हिरावून घेतलं नाही. आणि लिगेती! 'ॲटमॉस्फिअर्स' (१९६१) सारख्या त्याच्या रचना तेव्हा मोजक्या लोकांनी ऐकल्या होत्या. त्या कुब्रिकने नीट परवानगी न घेता वापरल्या, त्यावरून वादही झाला. तरी लिगेती जगभर पोचला तो याच चित्रपटामुळे, आणि चित्रपट त्याला आवडलाही. म्हणजे एकाच चित्रपटात एका रचनेचा अर्थ आखडला, दुसरीचा रुंदावला आणि तिसरीला श्रोते मिळाले.

यातून आपल्याला एक कसोटी काढता येते. संगीत प्रसंगाला शोभतं का, हा प्रश्न अपुरा आहे. चित्रपट संपल्यावर त्या रचनेला स्वतःचं काही बोलायला जागा उरते का, हे विचारायला हवं.

या कसोटीवर सॅम्युअल बार्बरचा 'अडाजियो' लावून बघू. १९३६ साली, पंचवीस-सव्वीसाव्या वर्षी बार्बरने चार तंतुवाद्यांसाठी एक क्वार्टेट लिहिला. त्याचा हा संथ भाग. त्याने तो तंतुवाद्यवृंदासाठी बांधला आणि १९३८ साली तोस्कानिनीने तो न्यूयॉर्कहून रेडिओवर वाजवला. १९४५ साली रूझवेल्ट गेले, १९६३ साली केनेडी गेले, तेव्हा हाच वाजला. त्यामुळे १९८० साली डेव्हिड लिंचने 'द एलिफंट मॅन'मध्ये आणि १९८६ साली ऑलिव्हर स्टोनने 'प्लॅटून'मध्ये तो घेतला, तोवर तो शोकाचं अधिकृत संगीत झालेलाच होता. 'प्लॅटून'मध्ये विमानातून कोवळी पोरं व्हिएतनामात उतरतात, समोर मृतदेहांच्या पिशव्या, आणि सुरू होतो अडाजियो. एकही गोळी सुटायच्या आधी आपल्याला रडायला सांगितलं जातं. पुढे हीच रचना पुन्हा पुन्हा येते.

आमचा आक्षेप इथे आहे. दुःख चित्रपटाने घडवायचं असतं; इथे ते तयार मिळालं म्हणून उचललं. आणि आपण शोक कोणासाठी करायचा, हेही त्यातच ठरून जातं. ज्या गावात ते सैनिक शिरतात, त्या गावाला स्वतःचं संगीत नाही. बार्बरचे सूर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गेले तेव्हा अमेरिकेने वाजवलेले सूर आहेत. ते लागले की करुणा आपोआप त्या पोरांकडे वळते. स्टोनचा हेतू प्रामाणिक होता, तो स्वतः त्या युद्धात लढला होता. पण हेतूने संगीताचा उतार बदलत नाही.

मालरच्या पाचव्या सिंफनीतल्या 'अडाजिएत्तो'ची गोष्ट याच जातीची, म्हणून थोडक्यात. मालरला ओळखणारा संचालक मेंगेलबर्ग याने नोंदवलंय की हे आल्मासाठीचं प्रेमपत्र होतं. त्याने १९२६ साली केलेलं ध्वनिमुद्रण सातेक मिनिटांचं आहे. १९६८ साली रॉबर्ट केनेडींच्या अंत्यविधीला बर्नस्टाइनने ते कितीतरी संथ वाजवलं, आणि १९७१ साली व्हिस्कोंतीच्या 'डेथ इन व्हेनिस'ने त्यावर मृत्यूचा शिक्का मारला. सूर तेच; लय मंदावली आणि प्रेमपत्राची शोकपत्रिका झाली.

मग चांगला वापर कोणता? आम्ही कपोलाच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) कडे बोट दाखवू. वाग्नरचं 'राइड ऑफ द व्हाल्किरीज' सर्वांना माहीत आहे. हेलिकॉप्टरांचा ताफा समुद्रावरून येतो, आणि कर्नल किलगोर टेप लावून, कर्ण्यांमधून हे संगीत गावावर सोडतो. म्हणजे हे पार्श्वसंगीत नव्हे, त्या पात्राने केलेली निवड आहे. त्या ऑपेरात व्हाल्किरी रणात पडलेल्या वीरांना उचलून नेतात. किलगोर तर माणसं पाडायलाच निघालाय. १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या घोडदौडीला हेच संगीत जोडलेलं होतं. हा इतिहास माहीत असो वा नसो, कपोला एक गोष्ट करतो : ऐन भरात तो संगीत तोडतो. आपण एकदम खाली गावात. शाळेच्या अंगणात पोरं. शांतता. मग दुरून, बारीक, तेच सूर येऊ लागतात. ज्या संगीतावर आपण क्षणापूर्वी डोलत होतो, ते आता त्या पोरांच्या कानांनी ऐकावं लागतं. 'प्लॅटून'मधल्या गावाला जे मिळालं नाही ते इथे मिळालं : ऐकायची जागा.

यावर कोणी म्हणेल, प्रेक्षकाला हे कुठे कळतं? रास्त आहे. सॅम मेंडिसच्या 'जारहेड' (२००५) मध्ये आखाती युद्धाला निघालेले सैनिक नेमका हाच प्रसंग पाहत आरोळ्या ठोकतात, वाग्नरच्या सुरात सूर मिसळतात. शांत गावाचं दृश्य त्यांच्या लेखी नसतंच. म्हणजे दिग्दर्शकाने जागा ठेवली तरी ऐकणाऱ्याने ती घ्यायला हवी. अर्धी जबाबदारी आपली आहे.

आणि माहिती नसली तर? 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) आठवा. अँडी तुरुंगाच्या कर्ण्यावरून मोझार्टच्या 'फिगारो'तलं दोन स्त्रियांचं गाणं लावतो. रेड आपल्याला सांगतो, त्या काय गात होत्या ते मला ठाऊक नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. वस्तुतः त्या नवऱ्याला पकडायला एक खोटी चिठ्ठी लिहीत असतात. अंगणातले कैदी मात्र मान वर करून उभे राहतात. रेडचं हे न कळणं आपल्यापैकी प्रत्येकाचं आहे, आणि त्याचा आनंद खरा आहे. फरक इतकाच, की रेड तुरुंगात आहे. आपल्याला ती चिठ्ठी वाचायला कोणी अडवलेलं नाही.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करू. 'झाराथुस्त्रा'ची शेवटची पाच मिनिटं ऐकू. बार्बरचा अडाजियो मूळच्या चार वाद्यांवर ऐकू; सर्वांत उंच जागी त्या चौघांची होणारी दमछाक मोठ्या वाद्यवृंदात झाकली जाते. मालरचं ते सात मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकू. पडदा डोळ्यांसमोर येईलच, त्याला हाकलायची गरज नाही. तो आल्यावरही सूर आणखी काही सांगतायत का, तेवढं ऐकू.

आता आपल्या प्रश्नांकडे वळू.