‘प्रतिकारशक्ती’ : एका संज्ञेची परीक्षा

कोविड-१९च्या साथीत, म्हणजे मार्च २०२० पासून, मराठी आरोग्यविषयक लेखनात ‘प्रतिकारशक्ती’ ही संज्ञा अतोनात वापरली गेली. ‘शक्ती’ हे उत्तरपद परिमाणवाचक आहे. शक्ती घटते, वाढते. आणि जितकी अधिक तितकी हितकर, अशी वाचकाची समजूत होते. एचआयव्हीच्या बाधेत सीडी४ पेशींची संख्या घटते. तेथे हे वर्णन बरेचसे यथार्थ आहे. श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य रोगाची तीव्रता सांगताना मात्र ते लंगडे पडते.

भाईंदरच्या खारी गावातील एखाद्या कुटुंबाच्या हाती येणाऱ्या रक्ततपासणीच्या साध्या अहवालातही लिम्फोसाइट व न्यूट्रोफिल यांचे आकडे पृथक् असतात. तीव्र कोविडमध्ये बहुधा पहिले घटतात, दुसरे वाढतात. मग ‘शक्ती’ वाढली की घटली? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीच्या संज्ञेतून उपजलेला आहे.

पेशींच्या पृष्ठभागावरील निदर्शकांकडे पाहता हे अधिकच स्पष्ट होते. एचएलए-डीआर हा निदर्शक टी-पेशींवर वाढलेला दिसला तर त्या उद्दीपित झाल्याचे ते लक्षण होय. तोच मोनोसाइटवर घटलेला असणे हे अनेक गंभीर रुग्णांत आढळले. शब्दाचा अर्थ जसा वाक्यावाचून ठरत नाही, तसा निदर्शकाचा अर्थ पेशीवाचून ठरत नाही. शिवाय निदर्शक हे लक्षण आहे, कारण नव्हे. धूर अग्नीचे अनुमान घडवितो, अग्नी उत्पन्न करीत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाही. प्रतिकार दडपणारे औषध प्राण वाचविते, ही गोष्ट ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे ऐकलेल्या वाचकास उमगावी कशी? आणि ते केव्हा द्यावयाचे, हा विवेक सुटला की काय होते, हे २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिले : काळ्या बुरशीच्या प्रसारामागे अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टेरॉइडांचा अवाजवी वापर हेही एक कारण होते.

यास्तव तीव्रतेच्या विवेचनात ‘प्रतिकार-प्रतिसाद’ ही संज्ञा अधिक ग्राह्य ठरते. प्रतिसाद उचित वा अनुचित, वेळेवर वा विलंबित, संयत वा अनावर असू शकतो. शक्ती केवळ कमी वा अधिक असते. परिभाषेने विचाराला निदान एवढी मोकळीक द्यावयास हवी.